वाड्याचे काम काढताना

जुन्या घराच्या दुरुस्तीला आपल्याकडे बहुधा एखादे मंगलकार्य निमित्त होते. वैशाखात मुलीचे लग्न ठरते, पाहुण्यांच्या वर्दळीचे चित्र डोळ्यांपुढे येऊ लागते, आणि ज्या भिंतीचे पोपडे कित्येक वर्षे सर्वांच्या देखत गळत होते तिच्याकडे घरातल्या कर्त्या माणसाचे लक्ष प्रथमच जाते. मग रंगाऱ्याला बोलावणे धाडले जाते. रंगारी भिंतीवर बोटांची पेरे वाजवून गिलावा सुटल्याचे सांगतो, म्हणून गवंडी येतो. गवंडी गिलावा खरवडतो तो आतली वीट भुसभुशीत झालेली निघते. विटेला ओल कोठून आली याचा माग काढीत माणसे पोटमाळ्यावरून कौलांपर्यंत चढतात, आणि चार कौले उचलल्यावर असे आढळते की भिंतीत गेलेले तुळईचे टोकच कुजले आहे. तोवर रंगाचे डबे घरात येऊन पडलेले असतात, लग्नाला दीड महिना उरलेला असतो आणि शिलकेपैकी निम्मी रक्कम खर्ची पडलेली असते. जुन्या वाड्यांची कामे पैशाच्या तुटीने जितकी बिघडतात त्याहून कितीतरी अधिक क्रमाच्या उलटापालटीने बिघडतात, असे माझे निरीक्षण आहे. आणि या प्रकरणात जे काही सांगायचे आहे ते मुख्यतः या क्रमासंबंधीच आहे.

वाडा म्हणताना येथे पुणे, सातारा, वाई, नाशिक अशा गावांच्या जुन्या पेठांतून अद्याप उभे असलेले, चौकाभोवती रचलेले दुमजली किंवा तिमजली घर डोळ्यांपुढे आहे. या घरांची घडण समजून घेतल्यावाचून त्यांना हात लावणे धोक्याचे आहे. शनिवारवाड्याचे काम १७३० साली सुरू झाले आणि १७३२ साली त्याची वास्तुशांत झाली. त्यासाठी सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीच्या पट्ट्यातून आला असे सांगतात. पेशव्यांचा थाट सावकाराच्या किंवा भिक्षुकाच्या घरी नव्हता हे खरे, तथापि सामग्री हीच होती आणि रचनाही हीच होती. घडीव दगडाचे जोते, त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांच्या माथी तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर चांगला चार-सहा इंच मातीचा थर, अशी ही चळत असते. बाहेरच्या जाड भिंती भार घेतात. आतल्या पुष्कळशा भिंती मात्र लाकडी सांगाड्याच्या पोटातली केवळ भर असतात. पुण्यात विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागातले सुरूच्या घाटाचे खांब पाहायला लोक थांबतात. त्या खांबांवर किती ओझे आहे आणि ते कोणत्या वाटेने जमिनीत उतरते, हा प्रश्न आपल्या स्वतःच्या घराबद्दलही क्वचितच कोणाला पडतो. या घरांत सिमेंट मुळातच नाही. आपल्या देशात सिमेंटचे नियमित उत्पादन पोरबंदरला १९१४ साली सुरू झाले, आणि पेठांतले बरेचसे वाडे त्याच्या कितीतरी आधीचे आहेत.

म्हणून पहिली पायरी पाहणीची, आणि ही पाहणी पावसाळ्यात करावी. लोक दिवाळीनंतर आकाश मोकळे झाल्यावर अभियंत्याला घर दाखवतात, तेव्हा भिंती सुकलेल्या असतात आणि रोगाची निम्मी लक्षणे लपलेली असतात. श्रावणात, चार दिवस झड लागून राहिली असताना, हातात पेन्सिल घेऊन घरभर हिंडावे. जेथवर ओल आहे तेथे रेघ ओढून शेजारी तारीख लिहावी. पंधरा दिवसांनी पुन्हा हिंडावे. एवढ्यानेच पुष्कळ उलगडा होतो. जमिनीतून चढणारी ओल जोत्यापासून सुमारे तीन फुटांपर्यंत आडव्या पट्ट्याने दिसते आणि तिच्या वरच्या कडेला लोणा धरतो. छपरातून उतरणारी ओल उभ्या ओघळांनी येते आणि पाऊस थांबताच हळूहळू मागे हटते. फुटक्या नळाची ओल मात्र पावसाळा जाणत नाही. ती चैत्रातही जेथल्या तेथे असते. तीन कारणांचे तीन उपाय आहेत, त्यांचे कारागीरही निरनिराळे आहेत, आणि तिन्हींवर एकच जलरोधक रसायन फासून देणारा माणूस दाराशी आला तर त्याला पाणी पाजून परत पाठवावे.

तड्यांचीही अशीच चौकशी करावी लागते. प्रत्येक तडा भयसूचक नसतो. कित्येक तडे आजोबांच्या काळी पडून तेव्हाच स्थिरावलेले असतात. संशयित तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी ठेवून तिची दोन्ही टोके गिलाव्याच्या गोळ्यांनी पक्की करतात व वर तारीख घालतात. दोन-तीन महिन्यांत काच तडकली तर भिंत अजून हलते आहे असे समजावे, आणि मग पायाकडे, शेजारच्या खोदकामाकडे किंवा सांडपाण्याच्या गटाराकडे पाहावे. पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत तर आणखी एक गोष्ट विचारून घेतली पाहिजे: १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पाण्यात हा वाडा कोठवर बुडाला होता? मातीत बांधलेल्या भिंती त्या दिवशी शेकड्यांनी कोसळल्या. ज्या उभ्या राहिल्या त्यांतल्या काहींची खालची दोन-तीन फुटे नंतर घाईघाईने, मिळेल त्या मालाने भरून काढलेली आहेत, आणि असे ठिगळ गिलाव्याखाली झाकलेले असते.

लाकडाची परीक्षा सुताराने करावयाची, आणि ती करणारा जुना सुतार पाहणे हा एक अनुभव असतो. तो खांबाच्या मधल्या भागाकडे ढुंकूनही पाहत नाही, कारण मोकळ्या हवेतले सागवान शंभर-दीडशे वर्षे सहज टिकते. तो शिडी लावून थेट तुळई जेथे भिंतीत शिरते तेथे जातो. प्रथम लाकडी ठोकळ्याने वाजवतो. आवाज खणखणीत असेल तर पुढे सरकतो, बद्द आला तर थांबतो. मग पटाशीचे टोक रेषांच्या आडवे दाबतो. निरोगी लाकूड पटाशीला दाद देत नाही; कुजलेले लाकूड आत घेते आणि काढताना तपकिरी भुगा बाहेर येतो. संशय उरलाच तर बारीक गिरमिटाने भोक पाडून निघणारा कीस तळहातावर घेऊन चोळतो व हुंगतो. कीस कोरडा, तेलकट आणि सुवासिक असला म्हणजे त्याचा चेहरा उजळतो. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर त्या कोठून आल्या हे पाहण्यासाठी तो खाली उतरतो, कारण वाळवी जमिनीतून येते आणि ओलीच्या आधाराने चढते. ज्या टोकांशी त्याने थांबून खडूची फुली मारली ती टोके स्थापत्य अभियंत्याच्या नकाशावर उतरली पाहिजेत. सबंध तुळई बदलण्याची पाळी फार थोड्या वेळा येते. कुजलेला दोन-तीन फुटांचा भाग कापून तेथे नवे सागवान जोडणे आणि जोडाला दोन्ही अंगांनी लोखंडी पट्ट्या बोल्टांनी आवळणे पुष्कळदा पुरते. परंतु हे करताना वरचा मजला तोलून धरण्यासाठी धिरे द्यावे लागतात, आणि धिरे कोठे, किती व कोणत्या क्रमाने हे ठरवणे मुकादमाच्या अंदाजावर सोपवता येत नाही.

घराची नाडी हाती आली की मग दप्तराकडे वळावे. वाड्याच्या मालमत्तापत्रकाची ताजी नक्कल नगर भूमापन कार्यालयातून काढली असता तिच्यावर बहुधा पणजोबांचे आणि त्यांच्या तीन बंधूंचे नाव निघते, आणि त्या बंधूंचे वारस कोणी बडोद्यास, कोणी इंदुरास, कोणी अमेरिकेत असतात. त्या सर्वांची लेखी संमती मिळवणे ही दुरुस्तीतली सर्वांत धीम्या गतीची बाब असल्यामुळे ती सर्वांत आधी सुरू करावी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ४३ प्रमाणे केवळ इमारतीच्या अंतर्भागापुरत्या, अथवा बाह्य स्वरूपात लक्षणीय फरक न पाडणाऱ्या दुरुस्तीला विकासपरवानगी लागत नाही. मात्र वाडा वारसावास्तूंच्या यादीत असला किंवा वारसाक्षेत्रात पडत असला तर ही मोकळीक उरत नाही. म्हणून महानगरपालिकेच्या वारसा कक्षात चौकशी केल्याशिवाय एकही खुंटी उपटू नये. वाड्यात भाडेकरू असतील तर १९९९ चा भाडे नियंत्रण अधिनियम समोर येतो. जागा सुस्थितीत ठेवण्याचे कर्तव्य घरमालकाचे आहे, आणि पंधरा दिवसांच्या लेखी सूचनेनंतरही तो हलला नाही तर भाडेकरू आवश्यक दुरुस्ती स्वतः करून तिचा खर्च वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत भाड्यातून वळता करू शकतो. महिना पन्नास रुपये भाड्याच्या खोलीत या तरतुदीने किती दुरुस्ती होईल, याचा हिशेब वाचकांनी स्वतःच करावा. जागा रिकामी केल्याशिवाय होणारच नाही अशा दुरुस्तीसाठी न्यायालयामार्फत ताबा मागता येतो. परंतु भाडेकरूला परत घेण्याची लेखी हमी मालकाने आपण होऊन दिली तर न्यायालयाची पायरी चढण्याचा प्रसंग टळण्याचा संभव फार मोठा असतो.

आता माणसांविषयी. वास्तुविशारद, स्थापत्य अभियंता, ठेकेदार आणि कारागीर ही चार स्थाने आहेत, आणि यांपैकी दोन किंवा तीन स्थाने एकाच माणसाच्या गळ्यात घालून पैसे वाचवण्याकडे आपला स्वाभाविक कल असतो. वास्तुविशारद ही पदवी १९७२ च्या कायद्यान्वये वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीलाच लावता येते. तेव्हा नोंदणीक्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. घरात कोण कोठे झोपतो, उजेड कोठून येतो, चौकाचे काय करायचे, नवे न्हाणीघर कोठे बसेल, ही सर्व जुळणी त्याची. अभियंत्याचे काम ओझ्याचे: काय काढले तर काय खाली येईल, हे त्याने सांगायचे. ठेकेदाराने माणसे, माल आणि मुदत सांभाळायची. ठेकेदारच जर कोणती तुळई बदलायची हे ठरवू लागला तर बदलायच्या तुळयांची संख्या वाढते. आणि अभियंता जर ठेकेदाराच्याच पदरी असला तर ती वाढलेली संख्या तपासायला कोणी उरत नाही. यात कोणाच्या नियतीविषयी शंका घेण्याचे कारण नाही; ज्याच्या मिळकतीचा प्रश्न असेल त्याने स्वतःच निवाडा देऊ नये, हा जुना न्याय आहे.

मानधनाची गोष्ट काढायला मध्यमवर्गीय मराठी माणसाला विलक्षण जड जाते. मेहुण्याच्या मित्राला ‘जरा एकदा येऊन पाहून जा’ म्हणून बोलावायचे, चहा-पोहे द्यायचे, आणि तो जिन्यावर उभा राहून जे बोलला त्याच्या आधारे दहा-बारा लाखांचे काम काढायचे, ही पद्धत मी अनेक घरांत पाहिली आहे. त्या बिचाऱ्याने नकाशा काढलेला नसतो, सही केलेली नसते आणि त्याला कामावर दुसऱ्यांदा येण्याचे बंधन नसते. रीतसर मानधन देऊन लेखी नेमणूक केली, किती भेटी, कोणते नकाशे, कोणत्या टप्प्यावर किती रक्कम हे एका पानावर उतरवले, म्हणजे त्याच्याकडे जाब मागता येतो. ठेकेदार निवडताना त्याने नुकतेच पुरे केलेले झकपक घर पाहू नये; दोन पावसाळे खाल्लेले काम पाहावे, आणि ते पाहताना ठेकेदाराला बरोबर नेऊ नये.

यापुढचा विषय चुन्याचा, आणि त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण वाड्यांचे सर्वांत अधिक नुकसान आज चांगल्या हेतूने लावलेल्या सिमेंटने होत आहे. जुनी भट्टीची वीट मऊ आणि सच्छिद्र असते. तिच्या सांध्यांत चुना किंवा माती असते. अशी भिंत थोडे पाणी घेते आणि उन्हात ते परत सोडते. चुन्याचा गिलावा या देवघेवीच्या आड येत नाही. सिमेंटचा गिलावा घट्ट असतो. आत शिरलेल्या पाण्याला तो बाहेर येऊ देत नाही. मग ते पाणी गिलाव्याच्या मागे साठते, विटेतले क्षार विरघळवून पृष्ठाशी आणते, आणि पाणी सुकत असताना ते क्षार विटेच्या छिद्रांत स्फटिक होऊन फुगतात व विटेचा दर्शनी थर फोडून काढतात. तीन-चार वर्षांनी सिमेंटचा पापुद्रा पडतो तेव्हा त्याच्या पाठीला विटेचा लाल थर चिकटून आलेला असतो. मालक म्हणतो, गवंड्याने सिमेंट कमी घातले. आणि पुढच्या खेपेला ते दुप्पट घालायला लावतो. शिवाय कोंडलेल्या पाण्याला वाट म्हणून उरते ती भिंतीत खोचलेल्या तुळईच्या टोकाची. नवीन काँक्रीटच्या बांधकामात सिमेंटची योग्यता वादातीत आहे. येथे तक्रार आहे ती मऊ भिंतीवर कठीण कवच चढवण्याविरुद्ध. चुन्याच्या गिलाव्यावर तैलरंग किंवा प्लॅस्टिकचा रंग दिला तरी थोड्याफार प्रमाणात तेच घडते. त्यावर चुन्याचीच सफेदी द्यावी, हवा तर तीत रंगाची पूड मिसळावी.

चुन्याच्या कामाला उसंत लागते, एवढीच त्याची खरी अडचण आहे. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कर्बवायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. ही कळी विरवताना पाहावी. हौदातल्या पाण्यात खडे सोडले की क्षणभर काहीच होत नाही. मग एकेक खडा तडतडू लागतो, फुगून उमलतो, वाफेचा लोट उठतो आणि थोड्याच वेळात सबंध हौद खदखदू लागतो. या वेळी उघड्या डोळ्यांनी हौदावर वाकणाऱ्या बिगाऱ्याला मागे ओढावे, कारण उडालेला शिंतोडा डोळा घालवू शकतो. चष्मे आणि रबरी हातमोजे ठेकेदाराने पुरवावेत असे करारात लिहावे. निवलेला चुना गाळून निदान काही आठवडे पाण्याखाली मुरू द्यावा लागतो. नंतर तो वाळू व सुरखीसह घाणीत मळतात. सुरखी म्हणजे नीट भाजलेल्या विटेची पूड, आणि तिच्यामुळे चुना ओलसर जागीही घट्ट होतो. बेलफळाचे व गुळाचे पाणी त्यात घालण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. लावलेला चुना हवेतला कर्बवायू पुन्हा शोषून हळूहळू दगड होतो, त्यामुळे तो पातळ थरांनी लावावा लागतो आणि दोन थरांत पुरेसा अवधी द्यावा लागतो. हे सर्व वेळापत्रकात आधीच बसवले नाही तर आयत्या वेळी घाई होते आणि सिमेंटचे पोते मागच्या दाराने आत येतेच.

माडीवर न्हाणीघर व शौचालय हवे, ही मागणी आज प्रत्येक घरात आहे आणि ती वाजवी आहे. ऐंशी वर्षांच्या आजीने रात्री दोन वाजता जिना उतरावा असे कोणी म्हणणार नाही. पण हे न्हाणीघर म्हणजे किती ओझे, याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी छोटीशी जागा घेतली, नळ दडवण्यासाठी जमीन फूटभर उचलून ती विटांच्या तुकड्यांनी व कोब्याने भरली, तर चोवीस घनफूट भर होते आणि तिचे वजन एक टनाहून अधिक भरते. डोक्यावर हजार लिटरची टाकी बसवली तर नुसत्या पाण्याचाच आणखी एक टन. भोवतीच्या विटांच्या भिंती, फरश्या आणि माणसे यांची गणना अजून व्हायचीच आहे. हे सारे पेलणार कोण, तर ज्यांवर आजवर चार अंथरुणे व एक पेटी एवढेच ओझे पडत आले त्या कड्या. म्हणून असे न्हाणीघर शक्यतो वाड्याच्या मागच्या बाजूला, स्वतंत्र खांबांवर, जुन्या सांगाड्याला खेटून पण त्यावर भार न टाकता उभारावे. ते आतच हवे असेल तर जमीन उचलण्याचा हट्ट सोडून नळ तक्तपोशीखालून उघडे न्यावेत आणि भिंती हलक्या पत्र्यांच्या कराव्यात. उघडे नळ दिसायला वाईट दिसतात, ही तक्रार मला मान्य आहे. परंतु गळणारा उघडा नळ त्याच दिवशी दिसतो, आणि झाकलेला नळ तुळई कुजल्यावर दिसतो.

ठेका देण्याच्या रीती तीन: सबंध कामाचा ठोक आकडा, बाबवार दर, किंवा माल मालकाचा आणि मजुरी ठेकेदाराची. नव्या घराला ठोक आकडा शोभतो. जुन्या वाड्यात गिलाव्यामागे काय आहे हे ठेकेदारालाही ठाऊक नसते, म्हणून तो एकतर भीतीपोटी आकडा फुगवतो किंवा कमी आकड्यात काम घेऊन पुढे अडून बसतो. येथे बाबवार दरच न्याय्य, आणि त्याबरोबर अंदाजपत्रकाच्या वर पाचवा हिस्सा तरी बाजूला काढून ठेवावा. दर वाजवी आहेत की नाहीत हे ताडण्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची उपयोगी पडते, जरी चुन्याच्या आणि जुन्या लाकडाच्या कामाचे दर तिच्याहून चढे पडतात.

दर ठरला तरी मोजमापाचा वाद उरतो. समजा, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच अशी भिंत आहे, तीत चार फूट चौरस खिडकी आहे, आणि दोन्ही अंगांनी गिलावा झाला. ठेकेदार म्हणतो दोनशे चाळीस चौरस फूट. मालक दोन्ही बाजूंची खिडकी वजा करून दोनशे आठ म्हणतो. भारतीय मानकाचा नियम असा की अर्धा चौरस मीटर ते तीन चौरस मीटर एवढ्या उघाड्याची वजावट एकाच बाजूने करायची आणि त्याच्या बाजूच्या कडांचे वेगळे माप धरायचे नाही. म्हणजे उत्तर दोनशे चोवीस. नऊ इंची भिंतीला हा नियम रास्त आहे. वाड्याची भिंत मात्र दोन फूट जाड असते, खिडकीच्या चारही कडा मिळून बत्तीस चौरस फूट पृष्ठ होते, आणि कडा साधणे हे तर गवंड्याचे सर्वांत नाजूक काम. तेव्हा वाड्यात कडांचे माप स्वतंत्र धरून दोन्ही बाजूंची वजावट करावी आणि हे करारनाम्यात आधीच लिहावे, असे माझे मत आहे. वाळू आणि खडी ब्रासने येते, म्हणजे शंभर घनफुटांनी. ट्रक आल्या आल्या फळका उघडण्यापूर्वी फितीने माप घ्यावे.

करारात आणखी एक ओळ अवश्य असावी: काढलेले सर्व लाकूड, घडीव दगड, पितळी कड्या-कोयंडे मालकाचे राहतील. जुन्या सागवानाला बाजारात चांगला भाव येतो, आणि ‘राडारोडा मी उचलतो, त्याचे वेगळे पैसे नकोत’ असे औदार्य दाखवणाऱ्याच्या टेम्पोत राडारोड्याखाली काय आहे हे पाहण्यात अशिष्टपणा काही नाही. उचल देताना जागेवर आलेला माल आणि झालेले काम यांपेक्षा फार पुढे जाऊ नये. आणि दर बिलातून पाच ते दहा टक्के रक्कम राखून ठेवावी.

कामाचा काळ दिवाळीपासून मृगापर्यंत, आणि या सात महिन्यांत शिमग्याचे पंधरा दिवस माणसे गावी जातात हे धरूनच चालावे. आधी छप्पर: कौले उतरवून वासे, रिपा आणि पन्हळी यांची डागडुजी, आणि कौले पुन्हा शाकारणे. छप्पर बंद झाल्यावर सांगाडा, मग भिंतींची भर, मग नळ आणि विजेच्या तारा, मग गिलावा, मग फरशी, आणि रंग सर्वांच्या शेवटी. विजेच्या बाबतीत जुन्या लाकडी पट्टीतल्या तारा समूळ काढाव्यात, भूसंपर्क नवा करावा आणि तीस मिलिअँपिअर गळतीला प्रवाह तोडणारे यंत्र मुख्य फळीवर बसवावे. कोरड्या सागवानाच्या घरात ठिणगी परवडत नाही. मालकाने या काळात करायचे काम एकच पण ते कठीण आहे, ते म्हणजे वेळेवर निर्णय देणे आणि दिलेला निर्णय न फिरवणे. गिलावा पुरा झाल्यावर दिव्याचे बटण दोन फूट डावीकडे सरकवावेसे वाटले तर त्या दोन फुटांत वायरमन, गवंडी आणि रंगारी असे तिघे पुन्हा येतात आणि तिघांचाही दिवस भरतो. फेरबदल करायचाच असला तर तो वास्तुविशारदामार्फत, लेखी, दरासह. थेट सुताराच्या कानात नव्हे. घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याने आपापल्या मर्जीप्रमाणे कारागिराला हुकूम द्यायचे, ही आपल्याकडची प्रथा थांबवण्यासाठी घरातला कोणीतरी एकच माणूस बोलणार असे पहिल्या दिवशीच सर्वांसमक्ष ठरवावे. ज्यांची भिंत सामाईक आहे त्या शेजाऱ्यांनाही त्याच दिवशी भेटून यावे, आणि त्यांच्या संमतीने त्यांच्या बाजूच्या तड्यांची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत.

राखून ठेवलेली रक्कम पुढचा पावसाळा उलटल्यावर, भाद्रपदात, अभियंत्यासह घर फिरून झाल्यानंतरच द्यावी. आदल्या वर्षी पेन्सिलीच्या रेघा ज्या ठिकाणी होत्या त्या जागा नव्या गिलाव्याखाली गेलेल्या असल्यामुळे त्या आधीच नकाशावर टिपून ठेवलेल्या हव्यात. त्याच बाडात आणखी एक गोष्ट असावी. गिलावा चढण्यापूर्वी, भिंती उघड्या असताना, प्रत्येक भिंतीला मोजपट्टी टेकवून काढलेली छायाचित्रे: नळ कोठून गेला, तार कोठे वळली, कोणत्या तुळईला जोड दिला. ही छायाचित्रे, करारनामा, मोजमापाची वही आणि मालमत्तापत्रकाची नक्कल एकत्र बांधून ठेवावी, आणि ते बाड कोणत्या कपाटात आहे हे घरातल्या निदान दोघांना तरी ठाऊक असावे.